तळं राखणाऱ्यांची पारख

एखादी कंपनी आतून कशी चालली आहे हे शेअर बाजाराच्या आधी तिच्या छोट्या पुरवठादाराला कळतं. हे मला माझ्या मावसभावाच्या गाळ्यात बसून कळलं. गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. दोन सीएनसी, तीन जुन्या लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दारातून आत शिरलं की कूलंटचा वास. दादा मोठ्या कंपन्यांना बुश, पिना, छोटे शाफ्ट असा माल करून देतो. शेअर बाजारात त्याचा एक रुपयाही नाही. तरी एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीत पैसे घालायचा विचार मनात आला की मी आधी त्याला विचारते, "यांचं कसं आहे रे?"

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत इथे वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. आता मुख्य रस्त्यांवर काचेच्या इमारती आणि आयटीची ऑफिसं दिसतात. पण नंबरांच्या रस्त्यांवर आत वळलं की गाळे अजून आहेत. दुपारी डबे उघडले की क्रिकेटच्या खालोखाल तिथे पेमेंटचा विषय निघतो. कोणाचं आलं, कोणाचं अडकलं, कोणी मार्च एंडला डेबिट नोट काढून हिशेब कापला.

दादाने मला ती सगळी साखळी एकदा समजावून सांगितली. माल गेटवर उतरतो, चलनावर शिक्का बसतो, मग इन्स्पेक्शन, मग जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मग बिल पास होतं आणि मग पेमेंटची तारीख पडते. नीट चालणाऱ्या कंपनीत हे सगळं ठरल्या दिवशी होतं. जिथे पैशांची ओढाताण आहे किंवा मालकाची वृत्तीच तशी आहे, तिथे माल स्टोअरमध्ये चार-चार दिवस तसाच पडून राहतो, कारण जीआरएन उशिरा पडला की पेमेंटचे दिवस उशिरा मोजायला लागतात. माल फिटिंगला लागलेला असतो आणि कागदावर तो अजून आलेलाच नसतो. दादा म्हणाला, "पर्चेसच्या पोराने माझ्याशी कसं बोलायचं हे त्याच्या हातात नसतं गं. वरून जसं येतं, तसंच तो खाली देतो."

मॅनेजमेंटची पारख म्हणजे काय, याचं उत्तर माझ्यासाठी या वाक्यात आहे. कंपनीचे प्रमुख टीव्हीवर काय बोलतात, अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो कसा आहे, त्यांनी कुठून एमबीए केलं, यातलं काही मला फारसं सांगत नाही. ज्यांना उलटून बोलता येत नाही त्यांच्याशी ते कसे वागतात हे बघायचं. छोटा पुरवठादार, शंभर शेअरवाला भागधारक आणि खरा आकडा लिहू पाहणारा हिशेबनीस. या तिघांशी जो नीट वागतो त्याच्या हातात मी पैसे देते.

दादाच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक कंपनी वर्षानुवर्षं पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायची. मग साठ झाले. मग नव्वद. मग बिलाची अर्धीच रक्कम येऊ लागली, उरलेल्या अर्ध्यासाठी फोन. त्या सगळ्या काळात कंपनीचे तिमाही निकाल छान लागत होते आणि शेअर चढत होता. बँकेचे हप्ते थकल्याची बातमी आली ती नंतर. गाळ्यात ती कोणाला बातमी वाटली नाही.

प्रत्येकाचा भाऊ वागळे इस्टेटमध्ये नसतो. पण ही गोष्ट छापील स्वरूपातही मिळते आणि फार थोडे लोक ते पान उघडतात. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. वर्षअखेरीला अशा उद्योगांचं किती मुद्दल आणि किती व्याज देणं राहिलं, हे कंपनीला वार्षिक अहवालात लिहावंच लागतं. २०२१-२२ पासून देण्यांचा वयानुसार तक्ताही द्यावा लागतो : एक वर्षाच्या आतलं किती, एक ते दोन वर्षं किती, तीन वर्षांवरचं किती, वादातलं किती. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही.

हे पान मी ताळेबंदाच्याही आधी उघडते. थकलेलं मुद्दल मोठं आणि व्याजाच्या ओळीत शून्य असं दिसलं की थांबते. दादा व्याज कधीच मागत नाही. व्याज मागितलं की पुढची ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात जाते. ते शून्य पुरवठादाराच्या भीतीचं असू शकतं, आणि ती भीती निर्माण करणारी माणसं माझ्याशी, म्हणजे त्यांना कधी न भेटलेल्या भागधारकाशी, वेगळं वागतील असं मला वाटत नाही.

इथे बाजाराशी माझं मोठं भांडण आहे. पुरवठादारांना उशिरा पैसे दिले की कंपनीचं खेळतं भांडवल कमी लागतं, रोख प्रवाह चांगला दिसतो आणि विश्लेषक त्याला कार्यक्षमता म्हणतात. रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या एखाद्या कंपनीला वितरक आधी पैसे देतात, कारण दुकानात तिच्या मालाला मागणी आहे. ही खरी ताकद, ती ग्राहकाने दिलेली आहे. पण गाळेवाल्याचे पैसे चार महिने वापरून रोख प्रवाह सुधारणं ही ताकद नाही, ते बिनव्याजी कर्ज आहे आणि देणाऱ्याला विचारून घेतलेलं नाही. ताळेबंदावर दोन्ही एकसारखी दिसतात. म्हणून कोणाचं देणं आहे आणि किती जुनं आहे हे बघावं लागतं.

मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींवर गेली. यातली कितीतरी मुलं माझ्या भाचीच्या वयाची आहेत, फोनवर चार्ट बघतात, पीई बघतात, दोन मिनिटांत ऑर्डर टाकतात. पीई हा भाव आणि नफ्याचं गुणोत्तर आहे. पण नफ्याचा आकडा कोण लिहितो? तो लिहिणारा हात विश्वासाचा नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत आहे.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठवायलाच हवी. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकीतले ५,०४० कोटी मुळात नाहीतच. त्याच्या काही महिने आधी या कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले अधिकारी होते. पुरस्कार, नावं, पदव्या हे सगळं होतं. आणि पत्राच्या तीन आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ ला, याच मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअरची कंपनी आणि घ्यायचे काय, तर बांधकाम आणि जमिनी. गुंतवणूकदारांनी इतका गहजब केला की काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

त्या पत्राचा अंदाज कोणाला नव्हता, मान्य. पण प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांचा, हिस्सा वर्षानुवर्षं घटत गेलेला सगळ्यांना दिसत होता. घरच्या कंपन्यांकडे पैसा वळवण्याचा प्रयत्न तर उघड उघड झाला. आकडा खोटा आहे हे बाहेरच्याला सिद्ध करता येत नाही. हात कुठे जातोय हे मात्र दिसतं.

तळे राखी तो पाणी चाखी, असं आपल्याकडे म्हणतात, आणि आपण तलावांच्या शहरात राहणारी माणसं. राखणाऱ्याने ओंजळभर प्यायलं तर माझी तक्रार नाही. त्याने रात्रीचा पंप लावला आहे का, एवढं मला बघायचं असतं. त्यासाठी अहवालात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप असते. प्रवर्तकाच्या भावाची वाहतूक कंपनी, पत्नीच्या नावावरची जागा भाड्याने, मुलाच्या फर्मला सल्लागार फी, समूहातल्या खासगी कंपनीला बिनव्याजी ठेव. एका वर्षाची टीप वाचून काही कळत नाही. पाच वर्षांच्या टिपा शेजारी शेजारी ठेवल्या की आकडे बोलायला लागतात. विक्री दीडपट झाली आणि भावाच्या कंपनीचं बिल चौपट, तर मला आणखी काही वाचायची गरज उरत नाही.

ठाण्याला हे उदाहरण परकं नाही. पोखरण रोडवर रेमंडची गिरणी होती. १९२५ मध्ये सुरू झालेली कंपनी, तिच्या भोंग्यावर घरातली कामं करणाऱ्या पिढ्या या शहरात वाढल्या. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. २०१७ मध्ये याच कंपनीच्या भागधारकांपुढे एक ठराव आला : दक्षिण मुंबईतल्या जेके हाउस या कंपनीच्या इमारतीतली घरं प्रवर्तक कुटुंबातल्या व्यक्तींना बाजारभावाच्या मानाने अगदी कमी दराने द्यायची. २००७ च्या एका करारातून तो प्रश्न आलेला होता. मतदानाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेने हिशेब मांडून दाखवला की कंपनीचं यात शेकडो कोटींचं नुकसान आहे. ज्यांचा संबंध आहे त्यांनी अशा ठरावाच्या बाजूने मत द्यायचं नाही असा नियम आहे. बाकीच्यांनी मत दिलं आणि ९७ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली.

मला या गोष्टीत दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. असा ठराव येऊ शकतो, ही एक. आणि तो मताला टाकावा लागतो, छोट्या भागधारकांनी तो पाडला तर पडतो, ही दुसरी. आपल्यापैकी कितीजण ई-व्होटिंगची ती ईमेल उघडतात? माझी कळकळीची विनंती आहे, उघडा. दहा शेअर असले तरी उघडा. ठरावांसोबत जे स्पष्टीकरण जोडलेलं असतं ते वाचलं तरी मॅनेजमेंटबद्दल बरंच कळतं.

पगाराचं थोडक्यात सांगते. कंपनी कायद्याने एका पूर्णवेळ संचालकाला निव्वळ नफ्याच्या ५ टक्के आणि सगळ्या संचालकांना मिळून ११ टक्के अशी मर्यादा घातली आहे, त्यावर द्यायचं तर भागधारकांची मंजुरी लागते. अहवालात संचालकांच्या पगाराचं, पगारांच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराशी गुणोत्तरही छापतात. नफा वाढला आणि पगार वाढला, ठीक. नफा घसरला त्या वर्षी कोणाचा पगार वाढला, हे बघायचं. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का, तेही दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात मिळतं. हा खुलासा सत्यमनंतर २००९ मध्ये सक्तीचा झाला. ऑडिटर मुदतीच्या मधेच, त्यातून निकालाच्या तोंडावर निघून गेला असेल, तर मी कारण वाचते. 'वैयक्तिक कारण' किंवा 'कामाचा व्याप' असं लिहिलेलं असेल तर ती कंपनी माझ्यापुरती संपली.

प्रामाणिकपणा मिळाला तरी निम्मंच काम झालं. सज्जन माणूस भांडवल वाया घालवू शकतो, आणि ते शोधायला जास्त कष्ट पडतात. यासाठी मी जुने अहवाल आधी वाचते, नवे नंतर. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालात अध्यक्षांनी काय लिहिलं होतं ते वहीत एका बाजूला उतरवते आणि पुढचे अहवाल वाचत त्याच्यासमोर काय झालं ते लिहिते. नवा प्लांट अठरा महिन्यांत सुरू होईल असं लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी त्याच प्लांटचा फोटो असतो आणि तारीख गायब. त्याच्या पुढच्या वर्षी फोटोही नसतो. प्लांट मात्र ताळेबंदात 'भांडवली काम प्रगतीत' या नावाखाली बसलेला असतो. आता या रकमेचाही वयानुसार तक्ता द्यावा लागतो, आणि रखडलेली, खर्च हाताबाहेर गेलेली कामं वेगळी दाखवावी लागतात. तीन वर्षांवरच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली की दोनच शक्यता : काम रखडलंय किंवा पैसे दुसरीकडे गेलेत. दोन्हींचा खुलासा अध्यक्षांच्या पत्रात असायला हवा. उशीर का झाला, आमचं काय चुकलं, आता किती लागतील, असं साध्या शब्दांत लिहिणारे अध्यक्ष आहेत. कमी आहेत, पण आहेत, आणि मला अशांबद्दल खरा आदर वाटतो. वाईट वर्षाचं पत्र चांगल्या वर्षाच्या पत्राइतकंच लांब असेल, तर मी ते दोनदा वाचते.

आवाज ऐकणं ही अलीकडची सोय. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना निकालानंतरच्या कॉनकॉलचं, म्हणजे विश्लेषकांशी फोनवर होणाऱ्या प्रश्नोत्तरांचं, ध्वनिमुद्रण दिवसभराच्या आत वेबसाइटवर टाकावं लागतं. मी ते सकाळी उपवनला चालताना ऐकते. तलावाच्या दोन-तीन फेऱ्यांत एक कॉल होतो. पहिली वीस मिनिटं तयार भाषण असतं, ते मी पुढे ढकलते. खरा कॉल प्रश्नांपासून सुरू होतो. उधारी का वाढली असं कोणीतरी विचारतं. एक जण सरळ सांगतो की दोन सरकारी गिऱ्हाइकांकडे इतके कोटी अडकलेत, त्यातले इतके मार्चपर्यंत यावेत, बाकीचं सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, "या विषयावर आपण नंतर वेगळं बोलू." नंतर म्हणजे कधी, आणि वेगळं म्हणजे कोणाशी? जी माहिती एका विश्लेषकाला खासगीत मिळेल ती मला का नाही? आणखी एक गोष्ट मी ऐकते. वित्तप्रमुखाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाच देऊ दिलं जातं का? जिथे प्रत्येक वेळी मालकच मधे बोलतात, तिथे खरा आकडा लिहायची वेळ आल्यावर तो वित्तप्रमुख काय करू शकेल, असा प्रश्न मला पडतो.

बोलण्याची सफाई मात्र यात धरू नये. आपल्याकडे कितीतरी चांगले उद्योजक अडखळत बोलतात, इंग्रजीत तर फारच. त्यांच्या उत्तरात तारीख आणि आकडा असतो, तेवढं पुरे आहे.

दादाचं आणि माझं सगळं पटतं असंही नाही. त्याच्या मते वेळेवर पैसे देणारा मालक भला असतो, पण भला मालक शेअरवाल्याला श्रीमंत करेलच असं नाही. त्याची एक आवडती कंपनी आहे, पेमेंट घड्याळासारखं येतं, आणि धंदा दहा वर्षं तिथल्या तिथे आहे. खरं आहे त्याचं. उलट, पुरवठादारांना रडवून भागधारकांना भरपूर देणाऱ्या कंपन्याही असतात, काही काळ तरी. मी त्या घेत नाही. त्यातला फायदा सोडावा लागतो, तो मी सोडते.

भाची ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तिने परवा एका छोट्या उत्पादक कंपनीच्या आयपीओचं, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकण्याचं, दस्तऐवज पाठवलं. "मावशी, तीन दिवसांत बंद होतोय. चारशे पानं आहेत. कुठून वाचू?" मी तिला सांगितलं, धंद्याचं वर्णन शेवटी वाच. आधी पैसे कशासाठी घेतायत ते बघ : प्रवर्तक आपले शेअर विकून बाहेर पडतायत की पैसा कंपनीत येतोय, आणि 'सर्वसाधारण कामकाज' या नावाखाली किती आहे. नव्या भांडवलाच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम अशी मोघम ठेवता येते. मग प्रवर्तकांवरचे खटले. मग संबंधित पक्ष.

रात्री तिचा फोन आला. कारखान्याची जागा प्रवर्तकाच्या भावाच्या नावावर आहे आणि कंपनी त्याला भाडं देते. "चालतं का गं हे?" म्हटलं, भाडं बाजारभावाने असेल तर चालतं. आता तो कारखाना रबाळे एमआयडीसीत. तिच्या ऑफिसपासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने तिथल्या दोन इस्टेट एजंटना फोन लावून तेवढ्याच क्षेत्रफळाच्या शेडचं चौरस फुटाचं भाडं विचारलं. एकाने थोडं जास्त सांगितलं, दुसऱ्याने थोडं कमी. भावाचं भाडं दोघांच्या मधे बसत होतं. करार नऊ वर्षांचा, वाढ ठरलेली.

तिने एका लॉटचा अर्ज भरला. शेअर लागला तर सहामाही निकालाच्याच दिवशी संबंधित पक्षांच्या व्यवहारांचं पत्रक एक्स्चेंजवर येतं, ते तिला दाखवून ठेवलंय. भाड्याची ओळ कुठे असते हे तिला आता माहीत आहे. दादाला मी विचारलं, रबाळ्याच्या या कंपनीचं पेमेंट कसं आहे? त्याचा तिच्याशी व्यवहार नाही, पण शेजारच्या गाळ्यातला एक जण त्यांना माल देतो. सोमवारी विचारून सांगतो म्हणाला.